स्टीम लाइनचा आवाज ओळखा : साखर कारखान्यांच्या बॉयलर विभागासाठी

बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने कारखान्यात सगळ्यांचे लक्ष गाळपाच्या आकड्यावर असते. बॉयलरची दरवर्षी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. टर्बाइनवर कंपन आणि तापमान दाखवणारी मीटर असतात. या दोघांना जोडणारी मुख्य स्टीम लाइन मात्र लॅगिंगखाली झाकलेली, उंच रॅकवर, कोणाच्या नजरेत न येणारी. तिच्यात तडा वाढत असेल तर बाहेरून काही दिसत नाही. आवाज मात्र येतो. तो कसा ऐकायचा, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि ऐकल्यावर काय करायचे, हे या लेखात सांगायचे आहे.

नंदुरबार जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र नाही. पण सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने पश्चिमेला गेले की नवापूरच्या पलीकडे सोनगडजवळ उकाईचे केंद्र लागते आणि पूर्वेला भुसावळजवळ दीपनगर. दोन्हीकडे ५०० मेगावॉटचे संच आहेत. जिल्ह्यात शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला, नवापूर तालुक्यात डोकारे येथे आणि नंदुरबार तालुक्यात समशेरपूरला साखर कारखाने आहेत. साखर कारखान्याचे पॉवर हाउस हे छोटे वीज केंद्रच असते : बगॅसवर चालणारा बॉयलर, वाफेवर फिरणारे टर्बाइन आणि दोघांमधली नळी. शिवाय शहादा, तळोदा, नवापूरकडची आयटीआय झालेली मुले कामासाठी गुजरातेत जातात तेव्हा त्यांच्या हाती अशाच लाइनी येतात. म्हणून वीज केंद्रांनी जे शिकून घेतले ते आपल्या बॉयलर हाउसलाही उपयोगाचे आहे.

तीन अपघात आणि एक धडा

९ जून १९८५ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यातील मोहावी वीज केंद्रात गरम रिहीट लाइन लांबीच्या वेल्डवर फाटली. सहा जण दगावले, दहा जखमी झाले. पत्रा वाकवून, उभी शिवण वेल्ड करून ती नळी तयार केलेली होती आणि तिच्यातली वाफ ५०० अंश सेल्सिअसच्या वर होती. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९८६ रोजी व्हर्जिनियातील सरी अणुवीज केंद्रात फीड वॉटर लाइनचा बेंड फुटला आणि चार जणांचा बळी गेला. जपानच्या मिहामा केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी पाण्याची नळी फुटून पाच कामगार गेले. तिथे मूळ १० मिलिमीटर जाडीची भिंत झिजून दीड मिलिमीटरच्या आसपास उरली होती, आणि १९७६ साली तिथला हा तिसरा संच सुरू झाल्यापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती.

या तीन घटना एकाच जातीच्या नाहीत, आणि आवाजाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. मोहावीची नळी तडकत गेली. तडकणारी धातू आवाज करते. सरी आणि मिहामाची नळी आतून पातळ होत गेली. पाण्याच्या प्रवाहाने कार्बन स्टीलवरचा संरक्षक थर सतत धुऊन निघतो आणि भिंत झिजते. ही झीज जवळजवळ मूक असते. तिथे सेन्सर लावून बसण्यात अर्थ नाही. जाडी मोजणारे अल्ट्रासॉनिक गेज घेऊन दरवर्षी त्याच बिंदूंवर आकडे घ्यावे लागतात. आवाजाची पद्धत घेण्याआधी आपल्या लाइनला भीती तड्याची आहे, गळतीची की झिजेची, हे ठरवा.

आपल्या लाइनला नेमका धोका कशाचा?

याचे उत्तर बॉयलरच्या दाबावर आणि तापमानावर अवलंबून आहे. जुन्या कारखान्यांत २१ किलो दाबाचे आणि साधारण ३४० अंशांचे बॉयलर असत. सहवीजनिर्मितीच्या प्रकल्पांत ६७, ८७ आणि ११० किलोचे बॉयलर आले आणि वाफेचे तापमान ४८५ पासून ५४० अंशांपर्यंत गेले. ४०० अंशांच्या वर स्टील दाबाखाली अगदी सावकाश ताणले जाते. याला क्रीप म्हणतात. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात आधी सूक्ष्म पोकळ्या होतात, त्या एकमेकींना मिळतात आणि मग तडा जातो. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे ४०० अंश व त्यावर चालणाऱ्या भागांची एक लाख तास पूर्ण झाल्यावर उर्वरित आयुष्यासाठी तपासणी करावी लागते.

इथे साखर कारखान्याचा हिशेब वीज केंद्राहून वेगळा निघतो. वीज केंद्र वर्षाला ८,००० तास चालले तर साडेबारा वर्षांत एक लाख तास भरतात. आपला हंगाम १५० दिवसांचा धरला तर वर्षाला ३,६०० तास होतात आणि लाख भरायला जवळजवळ २८ हंगाम लागतात. म्हणून आपली लाइन तरुण आहे असे मात्र समजू नका. ऊस कमी पडला, मिलमध्ये बिघाड झाला, पाऊस आला, प्रत्येक वेळी बॉयलर खाली येतो आणि पुन्हा चढतो. प्रत्येक चढ-उतारात जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने गरम होतात आणि जोडावर ताण येतो. त्यानंतर पावसाळ्यासह सहा-सात महिने लाइन थंड पडून असते आणि आत उरलेले पाणी गंज धरते. कारखान्याच्या लाइनचे वय मोजताना तासांबरोबर बॉयलर किती वेळा चढवला-उतरवला याचीही नोंद ठेवा.

धोक्याच्या जागा बहुधा याच असतात :

१. नळी आणि जाड व्हॉल्व यांचा जोड, हेडरवरचे स्टब आणि टी-जोड. जाडी जिथे एकदम बदलते तिथे ताण साठतो.

२. पीआरडीएसनंतरचा, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान कमी करणाऱ्या यंत्रणेनंतरचा भाग. गरम नळीत पाण्याचा फवारा सोडला जातो. स्प्रे व्हॉल्व नीट बसत नसेल तर बंद असतानाही पाणी ठिबकते आणि आतून बारीक तड्यांचे जाळे तयार होते.

३. बेंडची बाहेरची बाजू. नळी वाकवताना इथली भिंत मुळातच पातळ होते.

४. लाइनचे सखल भाग, बंद टोके आणि ड्रेन पॉट. इथे कंडेन्सेट साचते.

५. हँगर आणि सपोर्ट. स्प्रिंग अडकली किंवा तळाला टेकली की तिच्या वाट्याचा भार शेजारच्या जोडावर जातो.

कानाला येणारे आणि न येणारे आवाज

माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. लाइनचे आवाज तीन पातळ्यांवर असतात आणि प्रत्येकीचे साधन निराळे.

पहिली पातळी कानाची. वॉटर हॅमरचे ठोके, व्हॉल्वची घरघर, मोठी गळती. दुसरी पातळी ४० किलोहर्ट्झच्या आसपासची. लहान छिद्रातून वाफ सुटताना होणारी खळबळ या पट्ट्यात ठळक असते आणि हातात धरायचा अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर ती खाली आणून हेडफोनमध्ये ऐकवतो. एक किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. ती पसरते, भिंतींवरून परतते, म्हणून मिल हाउसच्या गोंगाटात गळती कुठे आहे हे कानाने सांगता येत नाही. ४० किलोहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ मिलिमीटरची असते. ती सरळ जाते आणि उपकरणाचे तोंड फिरवून तिची दिशा पकडता येते.

तिसरी पातळी धातूच्या आतली. तडा एक पाऊल पुढे सरकला की त्या टोकाशी साठलेली ऊर्जा सुटते आणि धातूतून लहर धावते. तिला अकौस्टिक एमिशन म्हणतात. धातूंसाठी साधारण १०० ते ४०० किलोहर्ट्झचा पट्टा पाहिला जातो, कारण वाफेच्या प्रवाहाचा गोंगाट त्याच्या खाली अधिक असतो. या विद्येचा पाया जर्मनीत म्युनिकला जोसेफ कायझर यांनी १९५० मध्ये घातला. धातूवर आधी जेवढा भार येऊन गेला आहे तो ओलांडला जाईपर्यंत ती नव्याने आवाज करत नाही, असे त्यांना आढळले. धातू आधीच्या भाराच्या आतच बोलू लागली तर आत काही नवे बिघडले आहे असा संशय घ्यायचा. मोहावीनंतर अमेरिकेतील वीज उद्योगाने शिवणीच्या गरम नळ्यांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

सुरुवात ट्रॅपपासून करा

कमी दाबाच्या कारखान्याने पहिला पैसा अकौस्टिक एमिशनवर घालू नये. २१ किलो आणि ३४० अंशांवर क्रीप नाही. तिथे खरा शत्रू वॉटर हॅमर आहे आणि त्याचे मूळ बहुधा बंद पडलेल्या स्टीम ट्रॅपमध्ये असते. ट्रॅपने पाणी काढले नाही की ते सखल भागात साचते. वाफ त्याला लोंढ्यासारखी ढकलते आणि तो लोंढा पुढच्या बेंडवर आदळतो. जोड तडकतात ते अशा आदळण्याने.

ट्रॅप तपासायला हातातला डिटेक्टर आणि त्याची टेकवायची सळई पुरते. सळई ट्रॅपच्या बाहेर पडण्याच्या बाजूला टेकवा आणि निदान एक मिनिट ऐका. थर्मोडायनॅमिक ट्रॅप उघडतो, सोडतो, टक् करून मिटतो आणि थोडा वेळ गप्प राहतो. हे चक्र स्पष्ट ऐकू आले तर ट्रॅप ठीक आहे. मधली शांतता नाहीशी होऊन सारखी तडतड चालू असेल तर चकती झिजली आहे. सतत सूं असा एकसुरी आवाज म्हणजे ट्रॅप उघडा राहिला आहे आणि वाफ फुकट जाते आहे. फ्लोट ट्रॅपचा आवाज मात्र मुळातच सलग असतो, फक्त भाराप्रमाणे कमी-जास्त होतो. त्याला बिघडलेला समजू नका. काहीच आवाज नाही आणि ट्रॅप गार आहे, तर तो तुंबला आहे किंवा त्याच्या आधीचा व्हॉल्व कोणीतरी बंद करून विसरला आहे. वाफ फुकट घालवणारा ट्रॅप पैसे खातो. गार ट्रॅप नळी फोडतो. दुरुस्तीच्या यादीत गार ट्रॅप आधी घ्या.

लाइन चढवताना ड्रेन पूर्ण उघडे ठेवा. ड्रेनमधून पाणी संपून कोरडी वाफ येऊ लागेपर्यंत मुख्य व्हॉल्व चिमूटभरच उघडा. थंडीच्या दिवसांत पहाटे लाइन चढवायची असेल तर कंडेन्सेट जास्त होते, म्हणून जास्त वेळ द्या. ठोका ऐकू आला तर व्हॉल्व आणखी उघडून तो दाबून टाकण्याचा प्रयत्न करू नका. वाफ कमी करा, लाइनपासून दूर राहा, पाणी निघू द्या. आणि ठोका कोणत्या बेंडजवळ ऐकू आला ते लॉगबुकात लिहा. हंगाम संपल्यावर लॅगिंग काढून तपासायच्या जोडांमध्ये तोच जोड पहिला असेल.

गळती शोधताना

सुपरहीटेड वाफ दिसत नाही. आपल्याला जो पांढरा ढग दिसतो तो वाफ थंड होऊन झालेल्या थेंबांचा असतो आणि तो छिद्रापासून लांब तयार होतो. छिद्र आणि ढग यांच्यामधली मोकळी दिसणारी जागाच सर्वांत घातक असते. हात फिरवून किंवा काठीला फडके बांधून गळती शोधण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडायला लावा. ऐकून शोधायचे ते सुरक्षित अंतरावरून.

काम असे करावे. आधी परिसर दोरी लावून बंद करा. डिटेक्टरची संवेदनशीलता जास्त ठेवून लांबून सुरुवात करा. आवाज वाढला की संवेदनशीलता कमी करत दिशा पक्की करा. दोन वेगळ्या जागांवरून दिशा घ्या. जिथे दोन्ही रेषा मिळतात तिथे गळती. जवळ नियंत्रण व्हॉल्व किंवा पीआरडीएस असेल तर त्याचा स्वतःचाच आवाज मोठा असतो, त्यामुळे त्याच्या आधी आणि नंतर वेगवेगळी मोजणी घ्या. लॅगिंगच्या आतली गळती पत्र्याच्या सांध्यातून बाहेर पडते, खरे छिद्र दोन-तीन मीटर मागेही असू शकते. सांध्यावर आवाज मिळाला म्हणून तिथेच पत्रा कापू नका. आणि दाब असताना तर लॅगिंग उघडूच नका.

भट्टीतली ट्यूब गळली तर गोष्ट वेगळी. मोठ्या वीज संचांत भट्टीच्या भिंतीला ध्वनिनळ्या बसवून मायक्रोफोन कायमचे लावलेले असतात. ते सूट ब्लोअर चालू असतानाचा आवाज वगळून गळतीची सूं पकडतात. लवकर कळण्याचा फायदा असा, की एका ट्यूबमधून सुटलेला झोत शेजारच्या ट्यूब कापत सुटण्याआधी संच शिस्तीत उतरवता येतो. आपल्याकडे अशी यंत्रणा नसेल तर पीपहोल उघडून कान लावणे हा पर्याय नव्हे. गरम वायू तोंडावर येतो. बॉयलरच्या बाहेरच्या आवरणावर सळई टेकवून रोज ठरलेल्या बिंदूंवर ऐका आणि मेकअप पाण्याचा खप त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही एकदम वाढले तर गळती आहे असे धरून चाला.

अकौस्टिक एमिशनची तपासणी कशी होते

६७ किलो आणि त्यावरच्या कारखान्यांनी, विशेषतः लाइनला पंधरा-वीस हंगाम झाले असतील तर, मुख्य स्टीम लाइनची ही तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी. काम त्यांचे असले तरी आपल्या इंजिनिअरला त्यातले टप्पे माहीत हवेत.

सेन्सर पिझोइलेक्ट्रिक असतो आणि तो ५०० अंशांच्या नळीवर थेट टिकत नाही. म्हणून स्टेनलेस स्टीलची बारीक सळई नळीला जोडून लॅगिंगच्या बाहेर आणतात आणि तिच्या टोकाला सेन्सर बसवतात. हिला वेव्हगाइड म्हणतात. ती वेल्ड करायची असेल तर ते स्टीम लाइनवरचे वेल्डिंग आहे हे विसरू नका. बॉयलर निरीक्षकाची परवानगी, मान्य पद्धत आणि प्रमाणपत्रधारक वेल्डर, तिन्ही लागतात. हे काम ऑफ-सीझनमध्ये उरकून ठेवावे.

दोन वेव्हगाइडमधले अंतर बहुधा पाच-सहा मीटर ठेवतात, पण ते ठरवावे लागते मोजून. त्यासाठीची चाचणी पाहण्यासारखी असते. यांत्रिक पेन्सिलीत ०.५ मिलिमीटरचे, २एच कडकपणाचे शिसे घालतात, तीन मिलिमीटर बाहेर काढतात, सुमारे ३० अंशांच्या कोनात पृष्ठभागावर टेकवून मोडतात. शिसे मोडते त्या क्षणी धातूत जी लहर जाते ती तड्याच्या लहरीसारखी असते, आणि ती दरवेळी जवळजवळ तेवढीच निघते. हे मोडणे प्रत्येक सेन्सरने ऐकले पाहिजे आणि संगणकावर त्याची जागा खऱ्या जागेशी जुळली पाहिजे. ठेकेदाराने ही चाचणी तुमच्या माणसासमोर, तपासणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा केली नाही तर त्याचा अहवाल स्वीकारू नका.

जागा कशी निघते तेही सोपे आहे. समजा दोन सेन्सर पाच मीटर अंतरावर आहेत. नळीच्या भिंतीत लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरला आणि पहिल्या सेन्सरला लहर अर्धा मिलिसेकंद आधी पोहोचली, तर दोन वाटांमध्ये दीड मीटरचा फरक आहे. पाचातून दीड वजा करून निम्मे केले की पावणेदोन मीटर. म्हणजे आवाज पहिल्या सेन्सरपासून पावणेदोन मीटरवर झाला. वेळेचा फरक पूर्ण पाच मीटरच्या वाटेएवढा, म्हणजे सुमारे १.६७ मिलिसेकंद आला, तर उगम या दोघांच्या मध्ये नसून बाहेर आहे. तेव्हा शेजारची जोडी पाहायची.

मोजणी काही तासांत उरकत नाही. तडा रोज ठरलेल्या वेळी वाढत नाही. तो वाढतो दाब आणि तापमान बदलताना. म्हणून सेन्सर काही आठवडे लावून ठेवा आणि त्या काळात निदान एक-दोन वेळा बॉयलर चढणे-उतरणे, लोड कमी-जास्त होणे येऊ द्या. दाब, तापमान आणि टर्बाइनवरचा लोड त्याच घड्याळावर नोंदला गेला पाहिजे. हे तीन आकडे नसतील तर आवाजाच्या नोंदींचा अर्थ लावता येत नाही.

कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचे

पत्र्याचे छप्पर सकाळी ऊन चढताना तडतडते, म्हणून ते मोडायला आले आहे असे कोणी म्हणत नाही. स्टीम लाइनही तशीच तडतडते. सपोर्टवर घासते, हँगरची पिन सरकते, लॅगिंगचा पत्रा ताणला जातो. अशा घर्षणाचे आवाज लांबत जातात आणि सपोर्टच्या जागीच निघतात. तड्याची लहर एकदम उसळते आणि पटकन विरते. पण एकट्या उसळीवरून निर्णय होत नाही. पाहायची ती तीन लक्षणे : जागा एकच आहे का, ती वेल्डवर आहे का, आणि दाब किंवा तापमान बदलले की दर वेळी तिथूनच आवाज येतो का. तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर त्या जोडाची तपासणी पुढच्या बंदपर्यंत लांबवू नका.

तपासणी म्हणजे लाइन उतरवून, थंड करून त्या जोडावरचे लॅगिंग काढणे आणि मॅग्नेटिक पार्टिकल व अल्ट्रासॉनिक चाचणी करणे. क्रीपचा संशय असेल तर पृष्ठभाग घासून, चकचकीत करून त्याची प्रतिकृती घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या पाहतात. तडा किती खोल आहे, किती लांब आहे, हे आवाज सांगत नाही. आवाज सांगतो ती जागा. शंभर जोडांची लाइन असेल तर नेमके कोणते तीन-चार जोड उघडायचे हे त्यामुळे कळते, आणि यंत्रणेचा सगळा उपयोग तेवढाच आहे.

उलट, आवाज आला नाही म्हणजे लाइन निर्दोष आहे असेही नाही. न वाढणारा तडा गप्प असतो. झीज गप्प असते. फीड वॉटर लाइन, इव्हॅपोरेटरकडची ओल्या वाफेची लाइन आणि कंडेन्सेट परतीची लाइन यांची जाडी मोजणे या तपासणीने टळत नाही. कंडेन्सेटमध्ये साखरेचा अंश येत असेल तर बॉयलरच्या तापमानाला त्याचे विघटन होऊन पाणी आम्लधर्मी होते. अल्फा-नॅफ्थॉलच्या चाचणीत जांभळी कडी दिसली की पाणी बॉयलरकडे न पाठवता वेगळे काढायचे, हा नियम लॅबने आणि बॉयलर हाउसने मिळून पाळावा.

नोंदवही कशी ठेवावी

उपकरण भाड्याने आणले तरी नोंदवही आपलीच असते. लाइनच्या नकाशावर ऐकण्याचे बिंदू ठरवून त्यांना क्रमांक द्या आणि तेच क्रमांक लॅगिंगवर रंगवा. प्रत्येक नोंदीत बिंदूचा क्रमांक, तारीख, वेळ, शिफ्ट, दाब, तापमान, लोड, उपकरणाची वारंवारता व सेटिंग, आलेले डेसिबल आणि ऐकणाऱ्याची सही असावी. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात, लाइन स्थिर झाल्यावर घेतलेले आकडे हा त्या वर्षाचा आधार. पुढचा प्रत्येक आकडा त्याच लोडच्या आधार आकड्याशी ताडायचा. ६ डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाचा दाब दुप्पट आणि २० डेसिबलची म्हणजे दहापट, एवढे ध्यानात ठेवा. सहाची वाढ दिसली तर त्याच दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. वाढ खरी निघाली तर चीफ इंजिनिअरच्या टेबलावर लेखी जायला हवी. ‘बघू पुढच्या शटडाउनला’ हे तोंडी उत्तर नोंदवहीत बसत नाही, म्हणून निर्णयही लेखीच घ्या.

हंगामाचे वेळापत्रक असे आखता येईल :

- मे ते सप्टेंबर : लाइन पूर्ण कोरडी करणे, बेंड आणि ओल्या लाइनची जाडी मोजणे, हँगर तपासणे, वेव्हगाइड बसवणे, मागच्या हंगामात संशय आलेले जोड उघडणे.
- अग्निप्रदीपनाच्या वेळी : हँगरची गरम आणि थंड स्थितीतली खूण लिहून ठेवणे, चढताना ऐकणे.
- पहिला पंधरवडा : सर्व बिंदूंचे आधार आकडे.
- हंगामभर : ट्रॅपची फेरी दर आठवड्याला, लाइनची फेरी दर पंधरवड्याला, आणि प्रत्येक बंद-चालूनंतर एक जादा फेरी.
- गाळप संपल्यावर आठवड्याभरात : नोंदवही वाचून ऑफ-सीझनची कामे ठरवणे. लॅगिंगची ऑर्डर आणि वेल्डरचा करार त्याच वेळी झाला तर ऑक्टोबरची धावपळ टळते.

कायदा आणि माणसे

बॉयलरचा कायदा केवळ बॉयलरपुरता नाही. ३.५ किलोपेक्षा जास्त दाबाची, किंवा २५४ मिलिमीटरपेक्षा जास्त आतील व्यासाची आणि १ किलोपेक्षा जास्त दाबाची वाफेची नळी पूर्वीपासून त्याच्या कक्षेत आहे. १९२३ च्या कायद्याची जागा आता बॉयलर्स अ‍ॅक्ट, २०२५ ने घेतली आहे. त्यामुळे गळतीवर घाईने पट्टी मारणे, क्लॅम्प ठोकणे किंवा हाताशी असलेल्या वेल्डरकडून टाका घालून घेणे हा अंतर्गत मामला राहत नाही. दुरुस्तीआधी बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाला कळवा.

संचालक मंडळांना एक विनंती. उपकरणाच्या निविदेबरोबर दोन माणसांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद करा. आपल्याच आयटीआयमधून आलेला, बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र असलेला एखादा तरुण विनाविध्वंस चाचणीच्या लेव्हल दोनपर्यंत शिकला तर कारखान्याला दर वेळी मुंबई-पुण्याकडे पाहावे लागणार नाही, आणि त्या मुलालाही उकाई-दीपनगरपासून पुढे कुठेही काम मिळेल. हंगामी कामगार दर वर्षी बदलतात, म्हणून ही दोन माणसे कायम पगारावरची असू द्या.

बॉयलर हाउसमधल्या मित्रांना सांगणे एवढेच : आज शिफ्ट संपायच्या आत मुख्य लाइनवरचे सगळे ट्रॅप मोजा, त्यातले गार किती आहेत ते लिहा आणि तो कागद सहीनिशी वर पाठवा. नव्या यंत्राची वाट न पाहता करता येण्यासारखे पहिले काम हेच आहे.